माणिक, लालडी आणि गोटे मास्तर

परक्या पुरुषाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं, ते म्हणजे डोक्याचा केस! लग्न होऊन बुलढाण्याला येऊन मला महिनाही झाला नव्हता. ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. मागच्या दोन खोल्यांत राहणारे भाडेकरू मास्तर दारात येऊन उभे राहिले. नजर माझ्या तोंडाकडे नाही, वेणीकडे. म्हणाले, "वहिनी, एक केस द्या. लांब पाहिजे. तुटका नको."

सूप तिथंच टाकून मी आत पळाले. शेगावात माझ्या माहेरी करणीबिरणी करणारे लोक ऐकून होते, पण ते असे काळी टोपी घालून, शाळेचा कोट चढवून, भर दुपारी दारात येतात हे ठाऊक नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीतून जेवायला आले होते. त्यांना सांगितलं तर ते ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, "दे वं सूनबाई, दे. त्याले गोटा टांगायचा असन. आजवर आपली ताई देत होती. ती गेली सासरी, आता तुह्यावर आली पाळी."

मग कळलं ते असं. मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ दगडांना वाहिलेला. दगड कोणता हे ओळखायचं तर तो आधी हवेत तोलायचा, मग तराजूला टांगून पाण्यात बुडवून तोलायचा. पाण्यात वजन किती घटलं त्यावरून जात कळते. टांगायला सूत घेतलं तर सूत पाणी पितं आणि हिशेब चुकतो. केस पाणी पीत नाही. मास्तरांचं स्वतःचं डोकं बारीक कापलेलं, आमच्या ह्यांचंही तसंच, मामंजींचं तर कधीचंच उजाड, आणि सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात लांब केसांचं माणूस उरलं एक, ते म्हणजे मी. पुढे इतकं अंगवळणी पडलं की सकाळी वेणी घालताना फणीत आलेला चांगला केस मी वाटीवर गुंडाळून ठेवायचे.

अख्खं गाव त्यांना गोटे मास्तर म्हणायचं, तोंडावरसुद्धा. त्यांना राग नव्हता. कोटाच्या खिशांना आतून गोणपाट शिवलेलं होतं, स्वतःच्या हाताने, वाकड्यातिकड्या टाक्यांनी. कारण साधं कापड दगडांनी फाटायचं. कुठं विहीर खोदली जातेय एवढं कानावर आलं की रविवारी मास्तर तिथं हजर. आमच्या घाटावरच्या काळ्या कातळात पोकळ्या असतात आणि त्यांत कधी कधी लखलखीत स्फटिक सापडतात. विहिरीवरचे लोक सुरुंग उडवून झाला की आधी मास्तरांना वाकू द्यायचे. पाणी लागल्याचा आनंद मालकाला, पोकळी लागल्याचा मास्तरांना.

माझ्या स्वयंपाकालासुद्धा त्यांनी सोडलं नाही. नव्या सुनेच्या भातात खडा निघणं म्हणजे काय लाज, ते बायकांनाच ठाऊक. सणाच्या दिवशी मामंजींनी त्यांना पंगतीला बसवलं आणि दुसऱ्याच घासाला कटकन आवाज आला. मास्तरांनी खडा तोंडातून काढला, धोतराला पुसला, उजेडात धरला आणि आनंदाने ओरडले, "वहिनी, गारगोटी निघाली! काय स्वच्छ आहे पाहा. तांदूळ कोणत्या दुकानातून आणला?" पंगतीत हशा पिकला. मी चुलीपुढे बसून रडू का हसू करत होते.

गावातल्या बायका मात्र मास्तर समोरून आले की नथीवर पदर ओढायच्या. माणसाचं तोंड ते कधी धड पाहतच नसत. आधी नाक, मग कान, मग बोटं. आणि मनात आलं की बोलून मोकळे. शाळेच्या बक्षीस समारंभाला नागपूरकडचे एक बडे साहेब आले होते. त्यांच्या फेट्यात हिऱ्याची पिन. सगळे मास्तर ओळीने हात जोडून उभे आणि आमचे हे महाशय मान तिरकी करकरून पिनीकडे पाहून राहिलेले. साहेबांना वाटलं, दिपला बिचारा. कौतुकाने विचारलं, "आवडली का?" मास्तर म्हणाले, "काच आहे साहेब. पण काच चांगली आहे."

मास्तरांची मिळायची बढती गेली ती गेलीच. मामंजींनी त्या संध्याकाळी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. "अरे, गप्प बसाले काही पैसे पडत होते काय तुले?" मास्तरांना आपलं काय चुकलं हेच उमगेना. म्हणाले, "मी तं तारीफ केली न काचेची!"

मला ते आवडायला लागले ते तिथपासून. जगात गोड बोलणाऱ्यांचा काय तोटा? आणि आमच्या घरात तर कारकुनीवरच पोट, वरच्याची मर्जी सांभाळणं म्हणजे श्वास घेणं. त्यात हा एक माणूस असा की त्याला खोटं बोलायचं दारच ठाऊक नव्हतं.

त्यांच्या जवळ स्वतःचे म्हणावेत असे मौल्यवान दगड दोनच होते, हरभऱ्याच्या डाळीएवढाले. अत्तराच्या रिकाम्या कुपीत कापसावर ठेवलेले. दोन्ही लालबुंद, दोन्ही सारखे. एक माणिक, एक लालडी. एकदा त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारलं, "सांगा, कोणता कोणता?" मी ज्याच्यात जास्त झळाळी होती तो माणिक म्हणून उचलला. ती लालडी निघाली.

"दिसणं हा पुरावा नाही वहिनी," ते म्हणाले. "लाल रंगाचा ठेका काही एकट्या माणकानं घेतला नाही. माणिक पाण्याच्या चौपट जड. लालडी साडेतीन पटीहून थोडी वर. माणिक लालडीवर ओरखडा काढते, लालडी माणकावर नाही काढू शकत. पण ओरखडा काढून पाहणं म्हणजे माणूस जिवंत होता का, हे त्याले मारून पाहणं."

"मग लालडी म्हणजे खोटा माणिक," मी म्हटलं.

बापरे! एरवी गरीब गायीसारखा माणूस, असा भडकला! "कोण म्हणते खोटी? लालडी लालडी आहे. जमिनीतून आली, तिची जात वेगळी, तिचा घाट वेगळा. मोठमोठ्या बादशहांनी गळ्यात घातली. लालडी खोटी नाही, वहिनी. तिले माणिक म्हणणारा खोटा."

मग त्यांनी मला नळी दाखवली. ही त्यांची सगळ्यात लाडकी वस्तू. मेहकरकडच्या एका विहिरीत त्यांना चुन्याचा स्फटिक सापडला होता, काचेसारखा आरपार, तिरक्या विटेसारखा फुटणारा. तो वर्तमानपत्रावर ठेवला की खालचं एकेक अक्षर दोनदा दिसायचं. त्याचा तुकडा त्यांनी पितळेच्या आखूड नळीत बसवला होता. नळीच्या एका टोकाला चौकोनी बारीक भोक, दुसऱ्या टोकाला डोळा. भोकापुढे दगड धरून उजेडाकडे पाहायचं, की एका भोकाचे दोन चौकोन शेजारी शेजारी दिसतात. लालडी धरली तर दोन्ही चौकोन एकाच लाल रंगाचे, कशीही फिरवा. माणिक धरला तर एक चौकोन जांभळट लाल आणि दुसरा केशरी लाल. माणकाच्या पोटात उजेड शिरला की त्याचे दोन वाटे होतात आणि दोघांचा रंग निराळा, असं काहीसं ते सांगत. मला सगळं कळलं असं नाही, पण दिसलं मात्र लख्ख. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. पोळ्या करपल्या त्या दिवशी.

आता माझ्या नणंदेचं, म्हणजे मामंजींच्या ताईचं सांगते, कारण मास्तर काय चीज होते ते तिच्यामुळे कळलं.

वन्सं धाड गावी दिलेल्या. मोठं वतनदार घर, मोठं खटलं, गडीमाणसं, आणि घरावर राज्य सासूचं. त्या घरात दोन माणकांची मोठी मिजास होती. निजामाच्या अमलात कोण्या पणजोबांना इनाम मिळालेली जोडी. एक माणिक सासूच्या अंगठीत, दुसरा थोरल्या सुनेच्या गळ्यातल्या पदकात. ते पदक म्हणजे आमच्या वन्संचं. येणाऱ्याजाणाऱ्याला सासू अंगठीचा हात पुढे करून पणजोबांची कथा ऐकवायची. ऐकून ऐकून धाडच्या बायकांना पाठ झाली होती.

माझ्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी वन्सं दिवाळीला माहेरी आल्या. स्वच्छतेची भारी हौस. पदकावर तेलाची पुटं चढलेली दिसली म्हणून त्यांनी ते रिठ्याच्या पाण्यात भिजत टाकलं, सकाळी ब्रशने घासलं. सोनं लखलखलं. दगड मात्र त्यानंतर मंद मंद होत गेला आणि सासरी परतेपर्यंत वाळलेल्या मिरचीसारखा काळपट दिसायला लागला. तिथं हळदीकुंकवाला सासूने आपली अंगठी आणि ते पदक शेजारी शेजारी धरलं. एक पेटलेला, एक विझलेला. भरल्या बायकांत सासू म्हणाली, "माहेरी जाऊन माणिक विकून आली. काच बसवून आणली."

चार दिवसांनी नणंदेचे यजमान त्यांना आमच्या दारात सोडून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. पदक त्यांनी तिथंच ठेवून घेतलं होतं. आणि बाई, दोन वर्षांची लेकसुद्धा ठेवून घेतली. निरोप एवढाच: खरा माणिक घेऊन या, नाही तर येऊ नका. खरा माणिक कुठून आणायचा? जो होता तो त्यांच्याचजवळ होता! वन्सं रडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसायच्या आणि सवयीने मांडीवर हात फिरवायच्या, लेक झोपली असल्यासारखा. मला ते पाहवत नसे.

मास्तरांच्या कानावर गेलं तसे ते म्हणाले, "दगड पाहिला पाहिजे. दोन्ही पाहिले पाहिजेत." मामंजींनी धाडला चिठ्ठी धाडली. मास्तरांच्या अटी त्यात होत्या: परीक्षा धाडलाच, सगळ्यांसमोर. दोन्ही दगड कोंदणातून बाहेर काढायचे, कारण मागून बंद कोंदणात उजेड आरपार जात नाही. काढायचे ते त्यांच्याच घरच्या सोनाराने. सासूने आधी उडवून लावलं, माझ्या अंगठीचा काय संबंध म्हणे. मास्तरांनी उलट निरोप दिला, "जोडीतला एकच पाहून जोडी कशी कळन? तुमचा खरा आहे न? मंग भेव कायचं?" या वाक्यावर ती बाई तयार झाली. मिजास भारी, मागे हटते कुठली!

जायच्या आदल्या संध्याकाळी मामंजी मागच्या अंगणात मास्तरांकडे गेले. मी विहिरीवर पाणी ओढत होते, वन्सं तुळशीपाशी होत्या. मामंजींचा आवाज एवढा हलका मी कधी ऐकला नव्हता.

"मास्तर, एक गोष्ट मागतो. काहीही दिसलं तरी माणिक आहे म्हणा. एक शब्द. त्या लोकांले काय कळते?"

"मंग मले काऊन नेता?" मास्तर म्हणाले. "पोपट न्या."

"थट्टा करू नका हो. पोरीचा संसार आहे."

"तुम्हाले पोरीवर भरोसा नाही काय?"

मामंजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "पोरीवर आहे. दगडावर नाही. पणजोबाच्या काळचा माल, कोण्या लबाडानं काय गळ्यात बांधलं असन कोण जाणे. तो आधीपासूनच माणिक नसन तं? माही पोर खरी असून चोर ठरन न, मास्तर!"

माझ्या हातातला दोर तसाच राहिला. हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात वन्सं तुळशीपासून पुढे आल्या आणि मास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, बाबाचं ऐकू नका," त्या म्हणाल्या. "जे असन ते सांगजा. खोट्यावर मले त्या घरात परत जायचं नाही. जन्मभर कोणाच्या नजरेले नजर देता येनार नाही मले."

मास्तरांनी मान हलवली आणि खोलीत गेले. सकाळी निघताना त्यांच्या पिशवीत नळी होती, अत्तराची कुपी होती. तराजू नव्हता. मी केस घेऊन गेले तर म्हणाले, "आज नको." मला नवल वाटलं, कारण तराजू सोडून त्यांनी आजवर एकाही दगडावर निकाल दिला नव्हता. नळीला ते नुसती साक्षीदार म्हणायचे.

बैलांच्या दमणीत बसून आम्ही चौघं धाडला गेलो. मी वन्संच्या सोबतीला. त्यांच्या सासरी ओसरीवर जाजम अंथरलेलं. सासू, सासरे, नणंदेचे यजमान, घरचा म्हातारा सोनार आणि दारादारांतून डोकावणाऱ्या बायका. आत कुठंतरी लेकराचा आवाज आला, "आई". वन्संनी पदर घट्ट धरला, पण जागच्या हलल्या नाहीत. आत या, असं त्यांना कोणी म्हटलंच नव्हतं.

मास्तरांनी आधी आपले दोन दगड काढले आणि सगळ्यांना नळी शिकवली. सासूला, सासऱ्यांना, सोनारालासुद्धा. "दोन चौकोन दोन रंगांचे दिसले तं माणिक. दोन्ही एकसारखे दिसले तं माणिक नाही. पण दगड फिरवत राहाजा. एका बाजूनं माणिकही एकच रंग दाखवते अन् फसवते." सासूने त्यांची लालडी बरोबर ओळखली, माणिकही ओळखला. डोळा तेज होता बाईचा. तिला गंमतच वाटायला लागली होती.

मग सोनाराने अंगठीचं कोंदण उचकटलं, पदकाचं उचकटलं. दोन्ही दगड पाण्याने धुतले, पुसले आणि एका पांढऱ्या बशीत टाकले. कोंदणातून बाहेर आल्यावर पाहतो तो काय, दोन्ही सारखेच लाल! आता विझलेला कोणता आणि पेटलेला कोणता, कोणीच सांगू शकेना. मास्तर म्हणाले, "बशी हलवा. चांगली हलवा. कोणता कोणाचा हे कोणालेच माहीत नको." सोनाराने बशी गरागरा फिरवली. "नंतर ज्याच्या त्याच्या कोंदणात बसवून पाहू. जुनं हातकाम आहे, दुसऱ्याच्या घरात दगड बसत नसतो."

आणि नळी त्यांनी सासूच्या हातात दिली. स्वतः उठून ओसरीच्या कडेला, आमच्याकडे पाठ करून, चिंचेच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले.

सासूने पहिला दगड घेतला. उन्हाकडे धरला, फिरवला, आडवा केला, तिरका केला. "एकच रंग," ती म्हणाली. "कसाबी धरला तरी एकच." सासऱ्यांनी पाहिलं, सोनाराने पाहिलं. एकच. "मग ही लालडी का काय ती," सासू म्हणाली आणि वन्संकडे असं पाहिलं की माझ्या अंगाची आग झाली. तिच्या लेखी निकाल लागला होता.

दुसरा दगड घेतला. "ह्याच्यातबी एकच," ती म्हणाली. मामंजींनी डोळे मिटले. दोन्ही लालड्या! म्हणजे भीती होती तेच झालं. मास्तर तिकडूनच, मागे न वळता म्हणाले, "फिरवा, बाई. फिरवत राहा."

तिने दगड थोडा वळवला. आणखी थोडा. आणि एकदम लहान पोरीसारखी ओरडली, "दिसायलेत! दोन रंग दिसायलेत! एक जांभळट आन् एक केशरी! अहो, बघा तरी!" सासऱ्यांनी पाहिलं, म्हणाले, "व्हय, व्हय." सासूने तो दगड मुठीत घट्ट धरला आणि भरल्या ओसरीवर म्हणाली, "हा माझा. मी म्हणलं नव्हतं?"

"बसवून पाहा," मास्तर म्हणाले.

सोनाराने तो दगड अंगठीच्या कोंदणावर ठेवला. दाबला. वळवून दाबला. "बसत नाही, बाईसाहेब," तो पुटपुटला. मग त्याने पदक उचललं, दगड वर ठेवला, आणि तो आपल्या घरी गेल्यासारखा अलगद आत जाऊन बसला.

दारादारांतल्या बायका ओसरीपर्यंत पुढे सरकल्या.

मास्तर आता वळले. त्यांनी पदकातून काढलेला पातळ पत्रा चिमटीने वर धरला. जुने सोनार दगडाखाली चकाकीसाठी असा रंगीत पत्रा घालतात, त्याला डांक म्हणतात. पदकातला डांक काळाठिक्कर पडला होता. अंगठीतला तसाच लाल, चमचमीत. "रिठ्याचं पाणी आत गेलं," मास्तर म्हणाले, "डांक सडला, म्हणून दगड मेल्यासारखा दिसला. सूनबाईचा गुन्हा एवढाच की दागिना धुतला. अंगठी कोणी धुतली नसन कधी."

सासूचा चेहरा पाहण्यासारखा होता, पण एक गोष्ट त्या बाईची मी मानते. नळीत काय दिसलं ते तिने फिरवलं नाही. नाही म्हणाली असती तर कोण काय करणार होतं? ती एवढंच म्हणाली, "मग माझा कोणी बदलला?" आणि तिची नजर दारात उभ्या असलेल्या धाकट्या सुनेकडे वळली.

मास्तरांचा आवाज चढला. "बाई, बस झालं! चोर शोधत बसाल तं अजून एक सून माहेरी धाडाल. मले इतकंच ठाऊक की जुने लोक रंग पाहून जोडी लावत. त्यांच्याजवळ नळी नव्हती. अन् तुमचा दगड काही खोटा नाही. लालडी आहे. बादशहांनी घातलेली लालडी. मानानं घाला."

मग सासू वन्संकडे न पाहता म्हणाली, "आत जा. चहा टाक सगळ्यांना." म्हणजे झालं गेलं विसरा, घरात या. आमच्याकडे माफी मागायची तीच रीत. मी मनात म्हटलं, जा बाई, जा, लेक वाट पाहतेय.

वन्सं हलल्या नाहीत. त्यांचा आवाज ओसरीभर ऐकू गेला. "आई, आज दगड खरा निघाला. खोटा निघाला असता तं? मी तं हीच होती न?"

सासरे जाजमाची घडी चाचपत बसले. नणंदेचे यजमान जमिनीकडे पाहून राहिले. मग ती थोर बाई गुडघ्यावर हात देऊन उठली, स्वतः आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा एका हातात चहाची कपबशी आणि कडेवर नात. व्याही बसलेले, पाहुणे बसलेले, सगळ्यांना ओलांडून तिने पहिला कप सुनेपुढे ठेवला आणि लेक तिच्या मांडीवर दिली. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. वन्संनी लेकीच्या केसांत तोंड खुपसलं आणि मग इतक्या दिवसांचं रडू आलं.

परतीच्या वाटेवर आम्ही तिघंच. मामंजी लहान मुलासारखे खूश. बडबड थांबेना. घाट लागला तसे म्हणाले, "पण मास्तर, एक सांगा. सगळ्यांनी नळीत पाह्यलं, तुम्ही एकदाबी डोळा लावला नाही. अन् तो तराजूबी घरीच ठेवला. काऊन?"

मास्तर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बैलांकडे पाहत म्हणाले, "तराजूचा काटा मलेच वाचावा लागला असता."

"मंग?"

"मंग काय! काल तुळशीपाशी ती पोर मले म्हणाली, खरं तेच सांगजा. मी मान हलवली. खोलीत जाऊन बसलो अन् कळलं, आपल्याच्यानं होनार नाही." ते थांबले. "पदकात लालडी असती, साहेब, तं मी माणिक म्हटलं असतं."

मामंजी सरकून मास्तरांच्या जवळ बसले.

"तिच्या लेकराचा आवाज आला न आतून," मास्तर म्हणाले, "तेव्हा तं पक्कंच झालं. म्हणून नळी त्या बाईच्या हाती देऊन मी झाडाकडे तोंड केलं."

मी दमणीत मागे बसले होते. पदराने तोंड दाबून रडले, आणि सांगते, दुःखाने नाही. खरं बोलणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली, त्यांतल्या कित्येकांना त्याचा ताठाही होता. पण आपण नेमके कुठे खोटं बोलू हे आधी ओळखून स्वतःचे हात बांधून घेणारा माणूस मी एकच पाहिला. तो आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होता.